तुटलेल्या साखळीची किंमत किती?

कल्पना करा, की तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावात राहता. वय सोळा. तेथील बहुतेक राज्यांत या वयात मोटार चालविण्याचा परवाना मिळतो. गावात बस येत नाही, शाळा लांब, दुकान लांब. त्यामुळे मोटार ही तेथे चैन नसून पायांइतकीच गरजेची वस्तू. दोन उन्हाळे शेतावर राबून तुम्ही थोडे पैसे साठविले आहेत. एके दिवशी एका घरापुढे, गवतात उभी असलेली जुनी पिकअप तुम्हांला दिसते. पुढे दोघातिघांची केबिन, मागे उघडा हौदा; आपल्याकडे बाजार समितीच्या आवारात कांदा-टोमॅटो घेऊन येतात त्याच जातीची गाडी. काचेवर पाटी आहे : 'विकणे आहे. टायमिंग चेन तुटली आहे, बाकी एंजिन उत्तम. किंमत निम्मी.'

घ्यावी का?

घाई करू नका. पाटीवरील 'चेन तुटली आहे' हे खरे असेलही. पण 'बाकी एंजिन उत्तम' हे पाटी लिहिणाऱ्याला कसे कळले? एंजिन तर बंद पडलेले आहे आणि ते कोणी उघडलेले दिसत नाही. त्याचा हेतू वाईट असेल असे नव्हे. साखळी तुटण्यापूर्वी गाडी छान चालत होती, एवढेच त्याला म्हणायचे असेल. परंतु साखळी तुटल्यानंतरच्या एका सेकंदात आत काय घडले, यावर तुमचे साठविलेले पैसे वाचणार की बुडणार हे ठरणार आहे. आणि गंमत अशी, की थोडे विज्ञान, एक पाना आणि थोडी हवा एवढ्यावर ते बाहेरून शोधून काढता येते.

प्रथम ही साखळी करते काय ते पाहू. पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो. एकदा खाली जाताना तो हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढून घेतो, वर येताना ते दाबतो, ठिणगी पडून ते जळाले की खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना जळालेला वायू बाहेर टाकतो. या चार धावांत खालचा क्रँकदंड दोन फेरे घेतो. मिश्रण आत येण्याची झडप आणि धूर बाहेर जाण्याची झडप मात्र एवढ्या काळात एकदाच उघडायची असते. म्हणून झडपा उघडणारा कॅमदंड क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. क्रँकवर लहान दातेरी चक्र, कॅमवर त्याच्या दुप्पट दात्यांचे मोठे चक्र आणि दोहोंना जोडणारी साखळी, एवढी ही योजना. सायकलमध्ये मोठे चक्र लहानाला वेगाने फिरविते. येथे उलटे आहे. अशी बुश आणि रोलर असलेली साखळी हान्स रेनॉल्ड याने इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १८८० साली तयार केली. सायकलची आणि बहुतेक टायमिंग चेन तिच्याच वंशातली.

मिनिटाला ३,००० फेरे हा काही फार वेग नव्हे. मोकळ्या रस्त्यावर एंजिन सहज तेवढे फिरते. म्हणजे सेकंदाला क्रँकचे ५० फेरे आणि कॅमचे २५. प्रत्येक झडप सेकंदात २५ वेळा उघडते आणि मिटते. दट्ट्या वर येण्यापूर्वी ती वाटेतून बाजूला झालेली असते. दोघांची गाठ कधी पडत नाही, कारण साखळी दोघांचेही वेळापत्रक सांभाळते. एकाच रुळावरून दोन दिशांनी आगगाड्या चालविणाऱ्या स्टेशनमास्तरासारखे तिचे काम आहे.

आता खरोखरच्या एका एंजिनाची मापे घेऊ. गवतातली गाडी १९८० ते १९९५ या काळातील टोयोटा पिकअप असण्याची शक्यता बरीच आहे. इतर देशांत हीच गाडी हायलक्स या नावाने ओळखली जाते. तिच्यात पुष्कळदा '२२ आर' या जातीचे चार सिलिंडरचे एंजिन असे. सिलिंडरचा व्यास ९२ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ८९ मिलिमीटर. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र तुम्हांला येतेच : दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ६६.५ चौरस सेंटिमीटर. त्याला ८.९ ने गुणले की ५९२ घन सेंटिमीटर आले. चार सिलिंडरचे मिळून २,३६६. कंपनीच्या पुस्तकात हाच आकडा सापडेल. या एंजिनाचे संपीडन गुणोत्तर सुमारे ९. म्हणजे दट्ट्या अगदी वर पोचला, की वायूला मूळच्या एकनवमांश जागा उरते. ही उरलेली जागा ५९२ भागिले ८, म्हणजे ७४ घन सेंटिमीटर. ती दट्ट्यावर सपाट पसरली आहे असे मानले, तर तिची उंची भरते सव्वाअकरा मिलिमीटरच्या आत. तुमच्या करंगळीच्या जाडीएवढी!

पूर्ण उघडलेली झडप या जागेत साधारण एक सेंटिमीटर आत येते. शिवाय जागा सपाट नाही, घुमटासारखी आहे. मध्ये उंच आणि कडेला अगदी चिंचोळी. झडपा तिरप्या बसविलेल्या असतात. तेव्हा दट्ट्या वर आणि झडप उघडी असा योग जुळून आला, तर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

मग जागा जास्त का ठेवीत नाहीत? कारण संपीडन जितके अधिक, तितके त्याच इंधनातून काम अधिक मिळते. आदर्श एंजिनाच्या सूत्राप्रमाणे गुणोत्तर ७ असेल तर कार्यक्षमता ५४ टक्के येते आणि ९ असेल तर ५८ टक्क्यांच्या वर जाते. (प्रत्यक्षातले एंजिन याच्या बरेच खाली राहते, पण तुलना खरी आहे.) दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या एंजिनात झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला होत्या, तिथे गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता, पण संपीडनही कमीच होते. काही एंजिनांत दट्ट्याच्या माथ्यावर झडपेपुरते खोल खळगे ठेवून दोन्ही साधण्याचा प्रयत्न केलेला असतो. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअप डिझेलवर चालतात. त्यांच्यात गुणोत्तर २० च्या आसपास असते, उरलेल्या जागेचाही मोठा भाग एका वाटीत किंवा कोनाड्यात असतो आणि दट्ट्या डोक्याला जवळजवळ टेकतो. डिझेल गाडीची साखळी किंवा पट्टा चालत्यात तुटला, तर झडपा वाचल्या असतील अशी आशा न धरलेलीच बरी.

साखळी तुटली त्या क्षणाकडे वळू. क्रँक थांबत नाही. त्याला जड चक्र जोडलेले आहे, आणि गाडी गियरमध्ये असेल तर चाकेच त्याला फिरवीत राहतात. कॅमला मात्र आता कोणी फिरवीत नाही. झडपांच्या ताठ स्प्रिंगा त्याला दाबून धरतात आणि तो जवळजवळ जागच्या जागी थबकतो. तो ज्या स्थितीत थांबेल त्या स्थितीत काही झडपा उघड्याच राहणार. किती? प्रत्येक झडप क्रँकच्या ७२० अंशांपैकी सुमारे २४० अंश, म्हणजे एकतृतीयांश वेळ उघडी असते. झडपा आठ. तेव्हा कोणत्याही क्षणी सरासरी दोन ते तीन झडपा उघड्या. त्यांच्याकडे चारही दट्टे सेकंदाला ५० वेळा धावून येत आहेत.

झडपेचा दांडा पेन्सिलीएवढा. तो तुटला नाही, तरी वाकतो. केसभर वाकला तरी पुरे. झडपेची थाळी आपल्या बैठकीवर एका बाजूनेच टेकते आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. डब्याचे झाकण तिरके बसल्यावर होते तसे. अशा सिलिंडरमध्ये दाब साठतच नाही.

म्हणून मालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा : साखळी तुटली तेव्हा गाडी काय करीत होती? ताशी ८० किलोमीटरने धावत होती, की सकाळी थंड एंजिन सुरू करताना 'खट्' झाले? वेगात तुटली असेल तर चाकांच्या जोराने दट्टे पुष्कळ वेळा आपटले असणार. दुसरा प्रश्न त्याहूनही कामाचा : त्यानंतर किती वेळा स्टार्टर मारून पाहिला? पुष्कळांना वाटते, की आणखी एकदा किल्ली फिरवून पाहायला काय जाते. तुटताना जे वाचले असेल ते या हट्टापायी वाकते.

पण साखळी तुटते तरी का? सगळे म्हणतात, साखळी ताणून लांब होते. हे बरोबर नाही. पोलाद असे रबरासारखे ताणले जात नाही. साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती बुश असते, आणि ती दोन्ही घासून झिजतात. एका सांध्याची झीज एकशतांश मिलिमीटर धरा. शंभर सांध्यांची मिळून ती एक मिलिमीटर होते. हे तुम्हांला घरी पाहता येईल. सायकलच्या साखळीत दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. साखळी ताठ धरून एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. नवी असेल तर बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरेल. दीड मिलिमीटर जास्त भरले तर साखळी बदलण्याची वेळ झाली. तीन मिलिमीटर जास्त भरले तर ती दातेही खाऊ लागली असे समजा. वर्गातल्या दहा सायकली मोजून वह्यांत नोंदल्यात, तर कोणाची सायकल किती चालली आहे याचा अंदाज मालकाला न विचारता बांधता येईल.

एंजिनात ही ढिलाई घेण्यासाठी तेलाच्या दाबाने पुढे सरकणारा एक खुंटा असतो आणि साखळीने फडफडू नये म्हणून दोन बाजूंना मार्गदर्शक पट्ट्या. वर सांगितलेल्या एंजिनात १९८३ च्या सुमारास दुहेरी साखळीऐवजी एकेरी साखळी आली आणि पट्ट्या प्लॅस्टिकच्या झाल्या. वर्षानुवर्षे गरम तेलात राहून प्लॅस्टिक ठिसूळ होते. सकाळी एंजिन सुरू केल्यावर तेलाचा दाब चढेपर्यंतच्या क्षणांत साखळी ढिली असते. ती फटके मारते आणि एके दिवशी पट्टी मोडते. त्यानंतर साखळी पुढच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर घासू लागते. करवतीसारखी ती त्यात चर पाडते. त्या झाकणाच्या पोटातूनच एंजिन थंड ठेवणारे पाणी वाहते! चर पुरेसा खोल गेला, की पाणी तेलात उतरते. तेल-पाण्याचे मिश्रण बेअरिंगांना वंगण देऊ शकत नाही आणि मग साखळी तुटण्याच्या आधीच क्रँकची दुर्दशा सुरू झालेली असते. म्हणजे पाटीवरच्या शब्दांमागे झडपांखेरीज हाही एक रोग दडलेला असू शकतो.

आता तपासणीला लागू. बरोबर एखादा जाणता फिटर असावा. निदान घरातले मोठे माणूस तरी हवेच. बॅटरीची तार काढून ठेवा. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, ती म्हणजे स्टार्टर.

तेल मोजायची सळई बाहेर काढा. तेल काळे असेल तर हरकत नाही. ते जुन्या गाडीचे लक्षणच आहे. दुधाळ चहासारखे असेल, किंवा तेल भरायच्या झाकणाखाली साय धरल्यासारखा थर असेल, तर पाणी आत गेले आहे. रेडिएटरमधले पाणीही पाहा. ते न गळता कमी झाले असेल तर ते गेले कोठे?

साखळी खरोखर तुटली आहे का, याचीही खात्री करून घ्या. या एंजिनात ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर कॅमच फिरवितो. त्याची टोपी काढा, चारही स्पार्क प्लग काढा आणि क्रँकच्या पुढच्या नटावर पाना लावून हळूच फिरवा. क्रँक फिरतो आणि डिस्ट्रिब्यूटरचा हात हलत नाही, तर निदान बरोबर. तो फिरत असेल तर साखळी तुटलेलीच नाही. ती दाते चुकून सरकली असेल किंवा दोष भलताच असेल. फिरविताना कोठे अडले तर जोर लावू नका, उलट दिशेने या. ते अडणे हीही एक माहितीच आहे.

पुढची युक्ती मला सर्वांत आवडते. चार सिलिंडरच्या अशा एंजिनात पहिला आणि चौथा दट्ट्या वर असतात तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली असतात. क्रँक तेथून पाव फेरा फिरविला तर चारही दट्टे मधल्या उंचीवर येतात, माथ्यापासून सुमारे पाच सेंटिमीटर खाली. (प्लगच्या भोकातून लांब प्लॅस्टिकची नळी सोडून हे चाचपता येते.) झडप उघडते एक सेंटिमीटर. तेव्हा या स्थितीत कॅम कसाही फिरविला तरी कोणाची गाठ पडणार नाही. एंजिन जणू तटस्थ झाले.

वरचे झाकण चार-पाच नटांनी धरलेले असते; ते काढले की कॅम आणि झडपा दाबणारे रॉकर दिसतात. कॅम पान्याने फिरवून एकेका सिलिंडरच्या दोन्ही झडपा मिटवा आणि रॉकर व झडपेचे टोक यांमधली फट फीलर गेजने पाहा. गरम एंजिनात ही फट आत घेणाऱ्या झडपेला ०.२० आणि बाहेर टाकणाऱ्या झडपेला ०.३० मिलिमीटर ठेवतात. थंड एंजिनात थोडा फरक पडेल. पण एखाद्या ठिकाणी रॉकर खुळखुळ वाजण्याइतका सैल असेल, तर ती झडप पूर्ण वर येतच नाही, ती वाकलेली आहे. आठ फटी पाहायला अर्धा तास पुरतो, आणि मालकाच्या अंगणातही हे करता येते.

फटी ठीक वाटल्या तर हवेची परीक्षा. झडपा मिटलेल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात नळी बसवून दाबाची हवा सोडायची. दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम धरला, तरी दट्ट्यावर १३३ किलोग्रॅमचा जोर येतो. दोन माणसे त्यावर उभी राहिल्यासारखे. म्हणून गाडी गियरमध्ये, हातब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले आणि पाना क्रँकवरून काढून घेतलेला. तो फिरला तर मनगट मोडेल. मग नुसते ऐका. फुसफुस मागच्या धुराच्या नळीतून आली तर बाहेर टाकणारी झडप गेली. कार्ब्युरेटरच्या तोंडातून आली तर आत घेणारी. तेल भरायच्या तोंडातून थोडी येणारच, कारण दट्ट्याच्या रिंगा कधीच पूर्ण घट्ट नसतात. फार आली तर रिंगा झिजल्या किंवा दट्ट्याला भोक पडले. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेडखालचे गॅस्केट फुटले. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात त्यात आणि यात तत्त्वतः फरक नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. चालू स्थितीतील गाडीची किंमत १०० धरा. नुसती साखळी, पट्ट्या आणि झाकण बदलायला १५ लागतात, हेड काढून झडपा बसवायला ३५ आणि एंजिनच बदलायला ६० लागतात असे समजा. (आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावच्या मेकॅनिककडून खरे घ्या.) ५० ला घेतलेली गाडी पहिल्या स्थितीत ६५ ला पडली, दुसऱ्या स्थितीत ८५ ला आणि तिसऱ्या स्थितीत ११० ला. म्हणजे एकच पाटी आणि तीन निरनिराळे सौदे.

जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची स्थिती ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते; म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देऊ लागतो; मग चांगल्या गाड्यांचे मालक त्या विकायला काढीत नाहीत आणि बाजारात वाईट गाड्याच उरतात, असे त्याने दाखविले. या विषयावरील कामासाठी २००१ साली त्याला आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकेत अशा फसव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. आपल्याकडे लिंबू गाडीला बांधतात!

तेव्हा मालक वरचे झाकण उघडू देत असेल, तर जे दिसेल त्याप्रमाणे बोला. तो 'एंजिन उत्तम आहे, उघडायची गरज नाही' असे म्हणत असेल, तर भांडू नका. एंजिन मेले आहे असे धरून सांगाडा, चाके आणि गियरबॉक्स यांचाच भाव सांगा, आणि तो मान्य नसेल तर घरी जा.

आणि समजा सौदा जमला, झडपा शाबूत निघाल्या. तरी तेलाचे चेंबर खोलून साखळीचे आणि प्लॅस्टिकचे तुकडे वेचून काढा. तेल ओढणाऱ्या जाळीत ते अडकून बसतात. नवी साखळी खुणा जुळवून बसवा. मग किल्लीला हात लावण्यापूर्वी क्रँकला पाना घालून, प्लग काढलेले असतानाच, हाताने पूर्ण दोन फेरे द्या. दोन का, ते तुम्हांला आता ठाऊक आहे. दोन्ही फेऱ्यांत कोठेही अडले नाही, तर बॅटरीची तार जोडायला हरकत नाही.